थोरल्यांसाठी खाली मुक्काम

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर मावशींचं दुकान आहे. त्या सोफ्यांची कव्हरं शिवतात. दुकानाच्या वरच घर, मधे एक अरुंद, उभा जिना. नवरा दिवसभर बस चालवायचा, त्यामुळे मशीन थांबलं की दुकान खायला उठायचं. एखादं कुत्रं आणावं असं मावशींच्या मनात आलं. नवऱ्याने एकच अट घातली, "मांडीत मावेल एवढंच आण."

सोडून दिलेल्या कुत्र्यांना ठेवतात तिथे त्या गेल्या, तर पिल्लं जाळीवर उड्या मारत होती. अगदी शेवटच्या खोलीत मात्र ग्रेट डेन जातीचा एक दांडगा कुत्रा भिंतीकडे तोंड करून पडला होता. तोंडाभोवतीचे केस पांढरे झालेले.

"याला कोणी बघत नाही का?"

"बघतात ना. मग वय विचारतात आणि पिल्लांकडे वळतात," तिथल्या बाई म्हणाल्या. "मागचे पाय अधू होत चाललेत. आणि एवढी मोठी कुत्री फार जगत नाहीत, हे आधीच सांगते."

बाईंनी दार उघडलं. मावशी आत जाऊन जमिनीवर बसल्या. बराच वेळ तो हलला नाही. मग कष्टाने उठला, जवळ आला आणि आपलं जड डोकं त्यांच्या खांद्यावर टेकवून उभा राहिला.

संध्याकाळी नवरा दुकानाच्या दारातच थबकला. "अगं, मांडीत मावेल असं म्हणालो होतो मी."

"डोकं मावतंय," मावशी म्हणाल्या.

"बरं, आता या थोरल्यांना वर कसं न्यायचं?"

तेच नाव पडलं. थोरले पहिल्याच पायरीशी अडले. दोघांनी ओढलं, ढकललं, चुचकारलं; शेवटी थोरल्यांनी तिथेच बसकण मारली. मावशींनी मग कापड कापायचं टेबल भिंतीला सरकवलं, फोमचे तुकडे जोडून जाड गादी शिवली आणि शेजारी स्वतःचं अंथरूण घातलं.

"आणि मी?"

"तुम्ही वर. तुम्हाला जिना चढता येतो."

नवरा फुगला. वरून मोठ्याने टीव्ही लावायचा, खाली आला की थोरल्यांना वळसा घालून जायचा. एका सुट्टीच्या दिवशी मावशी गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेल्या होत्या. खालून धडपडल्याचा आवाज आला. थोरले फरशीवर घसरले होते, मागचे पाय फाकलेले, उठताच येईना. नवऱ्याने त्यांना कवेत घेऊन कसंबसं उभं केलं. थोरले थरथरत त्याला टेकून राहिले.

मावशी परतल्या तेव्हा नवरा गादीशेजारी मांडी घालून बसला होता.

"यांच्या पोटाखालून घ्यायला एक पट्टा शिव," तो म्हणाला. "मूठ रुंद ठेव, नाहीतर हाताला काचेल."

त्याच संध्याकाळी तो उशी घेऊन खाली आला. "वर फार उकडतं," म्हणाला. थंडीचे दिवस होते. मावशींनी आपलं अंथरूण जरा सरकवलं.

आता बसवर जाण्याआधी तो थोरल्यांना फिरवून आणतो. दिवसभर रस्ता अडवणाऱ्यांवर खेकसणारा हा माणूस, थोरले एखाद्या खांबापाशी हुंगत रेंगाळले की पट्टा धरून गप्प उभा राहतो. मधे डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. "बाकी मजेत आहेत तुमचे थोरले," असंही म्हणाले. मावशींनी पुढचं काही विचारलं नाही. घरी येऊन त्यांनी गादीचं कव्हर बदललं, थोरले स्वतःभोवती फिरून धपकन बसले, आणि मशीन पुन्हा सुरू झालं.