आंब्याच्या ओल्या सरपणाचा धूर

या सदरात लोक जे लिहितात ते मी वाचते, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसते. पिंपळाखालची बाई, बंद माडीवरची पावलं... मला त्यासाठी वेळ नाही. मी मुलींच्या बोर्डिंगची मेट्रन आहे. साठ मुली आणि त्यांच्या याद्या — धोब्याची, आजाऱ्यांची, सरपणाची. भुताला यायचं असेल तर त्याने आधी वहीत नाव घालावं, असं मी मुलींना सांगत आले आहे.

तरी लिहिते आहे. कारण ते घडलं तेव्हा खोलीत आम्ही पाच जण होतो, आणि त्यातले दोघं आता ‘तसं काही झालंच नाही’ असं सांगत फिरतात.

झालं. भरदुपारी झालं.

ठिकाण — नेवासे तालुका, घोडेगावहून एसटीने अर्धा तास. आवारात ऑफिसची खोली, आणि तिथून साठ पावलांवर स्वयंपाकघर. दगडी भिंती, वर पत्रे, एक दार. खिडकी नाही, धुराडं नाही. काळ — गेल्या वर्षीचा मे, म्हणजे दुष्काळाचा कळस. मुली सुट्टीत घरी गेलेल्या, चूल आठ दिवस बंद.

सोनाबाई आमची स्वयंपाकीण. विधवा, मागेपुढे कोणी नाही, स्वयंपाकघराला लागून तिची खोली. बावीस वर्षं दोन वेळच्या भाकरी तिने त्या दाराआड थापल्या. आम्ही दोघी एका वयाच्या, सत्तेचाळीस. पण नवी मुलगी आली की तिला माझी आई समजते. खोकला चौदा वर्षांचा. स्वयंपाकघरापासून ऑफिसपर्यंत येताना ती चार वेळा थांबायची. पूर्वी दोनदा थांबायची. हे मी लिहून ठेवलं आहे.

त्या मार्चमध्ये मी तिला नगरहून येणाऱ्या डॉक्टरांना दाखवलं. दोनदा थुंकी तपासून त्यांनी सांगितलं, हा क्षय नाही.

“बिडी ओढता का?” त्यांनी तिला विचारलं.

“वढते की. चुलीएवढी बिडी हाय माजी. दिसातनं दोन येळा.”

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी काडी पेटवली आणि तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरली. “ओठांचा चंबू करायचा नाही. तोंड उघडं ठेवून फुंका.” सोनाबाईने फुंकलं. ज्योत हललीसुद्धा नाही. तीन काड्या त्यांच्या बोटांपर्यंत जळत आल्या.

“धुराने फुप्फुसं गेली आहेत,” डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले. “शहरात बिड्या ओढणाऱ्या म्हाताऱ्यांचं होतं तसं. ही तर नुसती स्वयंपाक करत होती.”

मी कमिटीला पत्र लिहिलं — धुराडं बांधा, खिडकी पाडा, हाताखाली एक बाई द्या. उत्तर आलं ते सभेच्या विषयपत्रिकेतून. विषय तिसरा : सोनाबाईंना महिनाअखेर कामावरून कमी करणे.

सभेला अध्यक्ष, सेक्रेटरी आणि मी. डॉक्टरांना मी मुद्दाम बोलावलं होतं. बाहेर झळा होत्या म्हणून दार-खिडक्या लावलेल्या.

“खोकणारी बाई स्वयंपाकात नको,” सेक्रेटरी म्हणाले. “पालक काय म्हणतील?”

“क्षय नाही, असा डॉक्टरांचा कागद समोर आहे.”

“अहो मेट्रनबाई, धूर कुठल्या घरात नसतो? माझी आई जन्मभर चुलीपुढे बसली.”

“आणि गेल्या कशाने?”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “दम्याने,” म्हणाले, आणि विषय पुढे नेला.

मी सोनाबाईला आत बोलावलं. माणसाची भाकरी काढून घ्यायची तर तोंडावर सांगा, एवढाच माझा हट्ट. ती आली, दाराशी जमिनीवर बसली, आणि बराच वेळ नुसता श्वास गोळा करत राहिली.

“सोनाबाई, तुम्हाला आता विश्रांती हवी,” सेक्रेटरी म्हणाले.

“इश्रांती? कुटं? खडी फोडाया?” त्या वर्षी बाहेर तेवढंच काम होतं, आणि तिथे ती आठवडाभर टिकली नसती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. “म्या न्हाई जायची सायेब. माजं काम ऱ्हाऊ द्या. धूर तेवढा भायेर काढा.”

“कसला धूर घेऊन बसलात दोघी! मी दहा वर्षं इथे येतोय, मला कधी धूर दिसला नाही.”

खरंच होतं. दहा वर्षांत सेक्रेटरी स्वयंपाकघरात एकदाही गेले नव्हते.

आणि तेवढ्यात... मला तो पहिल्यांदा टेबलाखाली दिसला. निळसर, जड, जमिनीलगत. मिनिटभरात कागद दिसेनात. ओल्या लाकडाचा, डोळ्यांत मिरची घातल्यासारखा धूर. अध्यक्ष “आग! आग!” करत व्हरांड्यात पळाले. सेक्रेटरी उठायला गेले आणि खोकत खुर्चीतच दुमडले. डॉक्टरांनी त्यांना धरलं.

मी काय केलं ते क्रमाने सांगते. बाहेर धावले. आवारात कुठेही आग नाही, पाला नाही, शेकोटी नाही. स्वयंपाकघराला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. उघडलं. चुलीत मनगटापर्यंत हात घातला — राख थंडगार. परत येऊन ऑफिसच्या खिडक्या उघडल्या. बाहेर वारा भणाणत होता, तरी धूर चौकटीच्या बाहेर जाईना. आतच उभा.

सोनाबाई जागची हलली नव्हती. आणि खोकत नव्हती. चौदा वर्षांत इतका वेळ न खोकता मी तिला पाहिलं नव्हतं. तिने नाक वर करून वास घेतला.

“बाई, ह्यो आंबा हाय. हिरीवरला.”

विहिरीवरचा आंबा चौदा वर्षांपूर्वी वादळात पडला होता. गेल्या वर्षीच्या दुष्काळात आम्ही जाळत होतो ते बाभळीचं काटूक आणि गोवऱ्या. आंब्याची ढलपीसुद्धा आवारात नव्हती.

डॉक्टर तिच्याकडे एकटक पाहत होते. खोकत खोकतच त्यांनी खिशातून काडेपेटी काढली, तिच्यासमोर वाकले, वीतभरावर काडी धरली. सोनाबाईने तोंड उघडलं आणि ‘हा’ करून फुंकलं. काडी विझली. दुसरी पेटवली. तीही विझली.

तिसरी काडी तिने स्वतःच ओढली, उठली — न थांबता चालत गेली — आणि सेक्रेटरींसमोर धरली.

“फुका की सायेब. एवडीशी काडी हाय.”

त्यांनी फुंकलं. नुसता घरघर आवाज आला. ज्योत तशीच. काडी तिच्या बोटांपर्यंत आली तरी तिने सोडली नाही. “फुका,” ती पुन्हा म्हणाली. आवाज चढवला नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

व्हरांड्यातून अध्यक्ष ओरडले, “बांधा ते धुराडं! बाईला राहू द्या! सुटका करा!”

धूर कधी गेला ते मी पाहिलं नाही. भिंतीवर काजळीचा डागही नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे सोनाबाईचा खोकला ऐकू आला. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी काडी धरली, ती विझली नाही. “गेलेली फुप्फुसं परत येत नाहीत,” ते म्हणाले. “आणखी जाणार नाहीत, एवढंच आपल्या हातात.” त्या दुपारबद्दल विचारलं की ते काडेपेटी हातात फिरवत बसतात. नाकारत मात्र नाहीत. मी सोनाबाईलाही विचारलं, तू काही केलंस का? “म्या काय करनार बाई? मला काडी फुकाया दम न्हाई.”

मी जुन्या याद्या काढल्या. सरपणाच्या यादीत, आंबा पडला त्या पावसाळ्यात, माझ्या अक्षरात ओळ आहे : ‘आंब्याचे लाकूड ओले आहे, तरी वाया घालवू नये, तेच जाळावे.’ आणि आजाऱ्यांच्या यादीत, त्याच वर्षीच्या ऑगस्टात, पहिल्यांदा : ‘सोनाबाई — खोकला.’ दोन वह्या एकाच कपाटात, शेजारी शेजारी. चौदा वर्षं मी त्या कधी एकत्र उघडल्या नव्हत्या.

धुराडं जूनमध्ये उभं राहिलं. खिडकी आहे. हाताखाली एक बाई आहे. सोनाबाई पाटावर बसून तिच्यावर हुकूम सोडते आणि अजून चार वेळाच थांबते. पाच नाही.

सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहिलं, ‘उन्हाच्या त्रासामुळे सभा आटोपती घेण्यात आली.’ सही करा म्हणाले. मी केली नाही. त्यांच्या ओळीखाली माझी ओळ लिहिली — ‘धूर होता’ — आणि मग तिच्याखाली सही केली. कशाचा, ते सोनाबाईने सांगितलं आहे. कुठून आला, तो रकाना मी रिकामा ठेवला आहे. तो कसा भरायचा ते मला आजही कळलेलं नाही. पण ओळ मी खोडणार नाही.