साजाभोवतीची तार

सन एकोणीसशे चौऱ्याहत्तर, माझं वय शेहेचाळीस. ती घटना अजून डोक्यातून जात नाही. शिक्षण चौथी, पण जमादारी मी खुर्चीत बसून नाही, चालून केली.

इतवारीतला एक व्यापारी ठाण्यात खबर घेऊन आला. हुडकेश्वरच्या पलीकडे त्यानं जमीन घेतली होती. म्हणाला, "बाजूच्या वस्तीतले गोंड बंड करणार. कुऱ्हाडी घासून राहिले, घरटी तांदूळ जमा करून राहिले." कोणती जमात कधी उठेल याचा अंदाज पाठवा, असा वरून कागद आधीच आला होता. साहेबांना आयतंच सापडलं.

मी वस्तीत गेलो. बायका भिंती सारवत होत्या. सासरी दिलेल्या पोरी कडेवर लेकरं घेऊन माहेरी येत होत्या. ज्याला दंगा करायचा असतो तो आधी बायकापोरं बाहेर काढतो. साऱ्या नोकरीत मी दुसरं पाहिलं नाही.

तरी हुकूम होता. भुमक्याला, म्हणजे त्यांच्या पुजाऱ्याला, ठाण्यात आणलं.

"तांदूळ काहून जमवले?"

"बडादेवाले. उद्या पूजा हाय."

"अन् कुऱ्हाडी?"

"गोंडाच्या घरी कुऱ्हाड नसन, त का तुमच्या घरी असन गा जमादार?"

शिपाई हसले. मी विचारलं, "मंग त्या व्यापाऱ्याले भेव कायचं?"

म्हातारा भुमका म्हणाला, "आमचा देव साजाच्या झाडात राह्यते. त्या व्यापाऱ्यानं झाडाभवती काटेरी तार ठोकली. उद्या आमी आत जाऊच. तवा आमाले अडवाले त्याले तुमी पाह्यजे."

भुमक्याला घरी सोडलं आणि तलाठ्याकडे जाऊन नकाशा पाहिला. झाड सरकारी जागेत, व्यापाऱ्याचं तिथं काही नाही. मी अहवाल लिहिला: आज बंड नाही. तार राहिली तर होईल, आणि गुन्हेगार तार ठोकणारा.

साहेब भडकले. "चौथी पास माणूस मला भविष्य सांगणार? उद्या दहाला गाडी जाईल. भुमक्यासकट सगळे म्होरके उचला."

"म्हणजे साहेब, बंड आपणच घडवायचं आणि अंदाज खरा म्हणायचं?"

त्यांनी अहवाल फाडला.

आजही संताप येतो. कुऱ्हाडी मोजायला सगळे धावतात. पण कोणाचं काय हिसकावलं, हे त्या वरच्या कागदात विचारलेलंच नव्हतं. माणूस काय धरून बसला आहे ते बघा, तो कधी उठेल ते आपोआप कळतं. एवढ्यासाठी शाळा लागत नाही. पुढं माझी बढती अडली. मी मागायला गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला वर्दी चढवली, पक्कड घेतली, सायकलनं तिथं गेलो आणि ती तार चारी बाजूंनी कापली. मग दहाची गाडी निघायच्या आत ठाण्यात येऊन, जिचं पान साहेबांनाही फाडता येत नाही त्या स्टेशन डायरीत सगळं वेळेसकट लिहिलं आणि खाली माझी सही ठोकली.