उरलेलं आणि उष्टं

साळूबाईंची व माझी ओळख आमच्या वाडीच्या देवळातील प्रौढ वर्गात झाली. साल एकोणीसशे एकोणचाळीस. दोघींत पाटी एकच होती, ती आम्ही आळीपाळीने घेत असू.

साळूबाई भोरात एका कारकुनाच्या घरी भांडी घासत. त्या घरी मुंज झाली, तेव्हा त्यांनी आपल्या सासूसाठी, चंद्राबाईंसाठी, उरलेले लाडू मागितले. मालकीणबाई सौदामिनीबाईंनी पितळी डबा भरून दिला.

"घे, उरलेलं आहे. कुणी तोंड लावलेलं नाही."

चंद्राबाईंनी वरचे दोन लाडू आवडीने खाल्ले. तिसऱ्यावर दातांची खूण होती. त्याखाली नुसते कुरतडलेले तुकडे, आणि त्यांना ताकभाताची शिते चिकटलेली.

"पत्रावळीवरचं उष्टं चारलंस मला?" म्हातारी कडाडली. "हितनं फुडं तुज्या हातचं पानीबी घेनार न्हाई!"

साळूबाईंनी परोपरीने सांगितले, पण सासूने चूल वेगळी मांडली. मालकीणबाईंना विचारले, तर त्या हसल्या. "उरलेलं काय नि उष्टं काय, तुम्हाला एकच ना गं?"

हे वाक्य साळूबाईंनी गाठीला बांधले. काम सोडले नाही.

सौदामिनीबाईंकडे संक्रांतीचे हळदीकुंकू आले. कचेरीतील मंडळींच्या लिहित्यावाचत्या बायका जमल्या होत्या. साळूबाईंनी चंद्राबाईंना हट्टाने बरोबर आणून ओसरीवर बसवले. घरी वळलेले ताजे लाडू त्याच डब्यात भरून त्यांनी मध्यभागी ठेवले. झाकणावर खडूने एकच शब्द लिहिला होता: उष्टं.

पुढे झालेले हात मागे गेले.

"हा काय चावटपणा, साळू?" सौदामिनीबाई संतापल्या. "शिळे आहेत की काय?"

"सकाळीच वळल्यात, बाईसाब. घ्या की! उरलेलं अन् उष्टं एकच, असं तुमीच म्हनाला व्हता. मुंजीच्या पत्रावळी झाडून ह्योच डबा दिला, तवा."

एक म्हातारी सवाष्ण पदराआड म्हणाली, "अगंबाई, आम्हालाही मुंजीचा डबा आला होता!" मग एकेक जण उठू लागली. सौदामिनीबाईंच्या हातातील कुंकवाची कोयरी कलंडली, ती उचलायला साळूबाई वाकल्या नाहीत. त्या घराचे भांडे त्यांनी पुन्हा घासले नाही.

परतीच्या वाटेवर चंद्राबाईंनी डब्यातला लाडू आपण होऊन घेतला.

वर्गाच्या पहिल्या दिवशी गुरुजी पाटीवर साळूबाईंचे नाव काढून देत होते. तेव्हा साळूबाईंनी हात आडवा धरला होता.

"नाव मागनं, गुरुजी. आदी मला 'उष्टं' लिवाया शिकवा."