ऑक्टोबरात जहाज

पुंगोलला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक मरीन इंजिनिअर राहतात. मेलबर्नला जहाज थांबलं असताना त्यांनी ऑस्ट्रेलियन फुटबॉल पाहिला आणि तिथल्या एका टीमचे ते कायमचे झाले. अर्धा सीझन संपलाय, टीम तळाला आहे. पण ‘हरले’ हा शब्द त्यांच्या तोंडी नाही. "इंजिन तापतंय हो अजून," म्हणतात. लेक वैतागून इथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणते, "बाबा, दे लॉस्ट अगेन लाह!"

काल लिफ्टमध्ये म्हणाले, "कंपनीला कळवलं, पुढचं जहाज ऑक्टोबरात जॉईन करतो."

"का हो?"

"सप्टेंबरअखेर फायनल असते ना! आपली टीम खेळणार आणि मी समुद्रात?"

मला हसू येत होतं. पण तोंडातून निघालं, "मग आमच्याकडेच या. आमचा टीव्ही मोठा आहे."