तारीख नसलेला राजीनामा

तहसील कचेरीच्या आवारात माझे टेबल आहे. माझे शालेय शिक्षण नववीच्या पुढे गेले नाही. तथापि ज्यांचे गेले, त्यांचे अर्ज मीच लिहितो, आणि कायद्याची पदवी भिंतीवर टांगलेले कित्येकजण अडचणीचा मसुदा माझ्या नजरेखालून घालून नेतात. हे आत्मस्तुती म्हणून सांगत नाही. पुढे जे लिहिणार आहे ते चहाच्या टपरीवरचे मत नव्हे, एवढे वाचकाच्या ध्यानी असावे.

निकाल न लागलेल्या निवडणुकीइतकी हीन वस्तू मी सार्वजनिक जीवनात दुसरी पाहिली नाही. हरलेला माणूस काही दिवस तोंड लपवतो, जिंकलेला गुलालात न्हातो आणि मग दोघेही कामाला लागतात. बरोबरी झाली, की मात्र सारे गाव मध्यस्थ होते.

गारगोटी रस्त्यावरच्या एका गावी असेच झाले. ग्रामपंचायतीच्या एका खुल्या जागेवर दोन उमेदवारांना सारखी मते पडली. एक, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीवर जाणाऱ्या माणसाची बायको. दुसरा, गावच्या दूध संस्थेच्या चेअरमनचा पुतण्या. फेरमोजणीतही आकडे हलले नाहीत, तेव्हा अधिकाऱ्याने नियमाप्रमाणे डब्यात दोन चिठ्ठ्या टाकून एक उचलली. बाईचे नाव निघाले. वर्तमानपत्रे या प्रकारास ईश्वर चिठ्ठी म्हणतात. सबंध वॉर्डाने उन्हात रांग लावून जे सांगितले ते अपुरे पडले म्हणून डब्यात हात घालावा लागणे, ही नामुष्की आहे. ती ईश्वराच्या नावावर खपवणे मला पहिल्यापासून मान्य नाही. तरीही नियम तो नियम. प्रमाणपत्र बाईच्या हाती आले होते. विषय तेथेच संपायला हवा होता.

पुढच्याच आठवड्यात चेअरमन, पुतण्या, ती बाई आणि तिचा नवरा असे चौघे एकाच गाडीतून माझ्या टेबलासमोर उतरले. विरोधक एका गाडीतून आले, की काहीतरी नासले आहे हे मी ओळखतो.

"पावणं, एक राजीनामा लिवायचा हाय," चेअरमन खुर्ची ओढत म्हणाला. "ह्या सूनबाईच्या नावानं. तारीख घालू नगा. ती आमी घालू, अडीच वर्सांनी."

"कारण काय लिहू?"

"मतं सारखी पडली न्हवं? मग खुर्ची बी सारखी. निम्मी मुदत तिची, निम्मी आमच्या पोराची. देवळात सगळ्यांनी भंडारा उचललाय की."

"मी न्हाय उचलला," बाई म्हणाली. "ह्यांनी उचलला."

नवरा जमिनीकडे पाहू लागला. "मी उचलला म्हंजी घरानं उचलला," तो पुटपुटला.

देवापुढची हळद हाती घेऊन शपथ घेण्याची ही रीत आमच्याकडे जुनी आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. परंतु संस्थांची पदे त्या हळदीवर कशी वाटली जातात, हेही मी या टेबलावरून पाहत आलो आहे. एक बसतो, दुसरा खिशात सही केलेला राजीनामा बाळगून वाट पाहतो, आणि ज्या सभासदांनी मते दिली त्यांना कोणी विचारत नाही. गावाला तरी दोष का द्यावा? वरच्या सभागृहांत कोणालाच बहुमत मिळाले नाही, की आमदार बसमध्ये भरून हॉटेलात नेले जातात आणि लोकांनी दिलेला अपुरा निकाल बंद खोलीत पुरा केला जातो. ते सारे टीव्हीवर दिसते. गाव त्यातूनच शिकते आणि त्या अक्कलहुशारीला समजूतदारपणा असे नाव देते.

मी चेअरमनला समजावले, की राजीनाम्याने जागा फक्त रिकामी होते. ती त्याच्या पुतण्याच्या मांडीवर येऊन पडत नाही. तारखेविना राजीनामा म्हणजे रद्दी, आणि तारीख घातलीत तर पोटनिवडणूक लागेल.

"लागू दे की!" तो मोठ्याने हसला. "फारमच एक यील. बिनविरोध! मतदानाचा ताप कुणाला पायजे?"

सारखी मते पडल्याचा या गृहस्थाने काढलेला अर्थ असा होता, की मतांचीच गरज उरली नाही.

"आगं, कर की सही," नवरा काकुळतीला आला. "उद्या दूध कुठं घालायचं आपण?"

"दुधाचं मी काय बोललो व्हय?" चेअरमन दुखावल्यासारखा म्हणाला. "आता फॅट लागली न्हाय तर न्हाय लागली. मशीन काय माझं ऐकतंय?"

पुतण्या खुदकन हसला. बाईने पदर सावरला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "सायेब, लिवा राजीनामा. पर तारीख आजची घाला."

"आजची?" चेअरमनचे हसू गेले.

"व्हय. आत्ता सही करती. मतदान परत लावा. लोकांनी ह्यास्नी निवडलं तर बसू देत सगळी मुदत. माझं नाव आलं तर मी बसती. मला निम्मं नगो."

"सूनबाई, बिनविरोध ठरलंय न्हवं आपलं?"

"तुमचं ठरलंय, मामा. मी फारम भरणार. भंडारा माझ्या हातात कुठं हुता?"

मी तत्काळ मसुदा केला आणि तारीख अंकी व अक्षरी अशी दोन्ही घातली. माझ्या कामात मी कसूर ठेवत नाही. कागद बाईपुढे सरकवला. तिने पेन उचलले.

"आबा, परत दारोदार फिरायचं?" पुतण्याचा आवाज चिरकला. "लोकांच्या पाया पडून गुडघं गेलं माझं! आणि ह्या खेपंला पडलो तर?"

चेअरमनने कागदावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. घरात बसून बोलू." हळदीवर जे पक्के झाले होते ते मतदानाच्या नुसत्या नावाने ढिले पडले. गाडी निघाली ती चुलत्या-पुतण्यांना घेऊनच. नवराबायको एसटी स्टँडच्या दिशेने चालत गेली. माझी लिहिणावळ मात्र बाईने दिली. चेअरमनला ती आठवली नाही. असली माणसे गावाचा कारभार करतात.

बाई सदस्य राहिली. गटार, रस्त्यावरचा दिवा अशा कामांचे अर्ज घेऊन ती अधूनमधून माझ्याकडे येते. नवऱ्याने भंडारा मोडला असे गाव म्हणते, आणि तिला चिठ्ठीची मेंबर म्हणते. ज्या निम्म्या वॉर्डाने तिला मत दिले, तोही म्हणतो. नवराबायकोचे दूध आता शेजारच्या गावच्या संस्थेत जाते.

मागच्या खेपेस मी तिला विचारले, मुदत संपत आली, पुढचे काय ठरले?

"ठरवायला आलते की सगळे घरात. मी चहा केला," ती म्हणाली. "फारम दोन येणार."

गावात यालाच आता भांडण म्हणतात.