नळावरची मोटार

छत्रपती संभाजीनगरातल्या माझ्या घरी नळाला थेट जोडलेली मोटार मी गेल्या एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी सव्वासातला काढली. अर्ध्या अश्वशक्तीची ती मोटार सहा वर्षं चालली होती. नळाला अशी मोटार लावायला बंदी आहे. त्या बंदीची बातमी दोन उन्हाळ्यांपूर्वी शहरातल्या एका दैनिकासाठी मीच लिहिली होती. ती छापून आली त्या आठवड्यातही मोटार चालू होती.

आमच्या गल्लीत अकरा घरं आहेत. पाणी आठवड्यातून एकदा, शुक्रवारी सकाळी, साधारण दोन तास येतं. गल्ली चढाची आहे आणि शेवटचं घर सगळ्यांत उंचावर. खालच्या घरांनी मोटारी लावल्या की तिथल्या नळातून नुसती हवा येते. त्या घरात एक निवृत्त परिचारिका राहतात. माहेर फुलंब्रीकडचं. गल्ली त्यांना सिस्टर म्हणते. त्यांनी मोटार कधी लावली नाही. बाकी दहा घरांत होती.

आदल्या दिवशी, शुक्रवारी, सिस्टरांच्या हौदात वीतभरसुद्धा पाणी पडलं नव्हतं. पुढच्या शुक्रवारनंतर दोनच दिवसांनी, रविवारी, त्यांच्या नातीचं बारसं होतं. सगळ्या गल्लीला आवतण गेलं होतं. टँकरवाल्यानं पंधरा दिवसांनी नंबर लागेल असं सांगितलं होतं. त्या शुक्रवारी हौद भरला नाही तर बारसं बिडकीनला, सुनेच्या माहेरी करायचं, असं घरात ठरलं होतं. सिस्टरांना ते नको होतं. पहिली नात होती, आणि जुना पाळणा त्यांनी स्वतः घासून रंगवला होता.

हे मला कळलं, कारण त्याच संध्याकाळी मी चौकशीला गेलो. वही बरोबर होती. तक्रार कुणाकडे केली, पाणी सोडणारा लाइनमन काय म्हणाला, सगळं लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं,

“भाऊ, तुमच्याकडं हाय का मोटार?”

“गल्लीत बऱ्याच जणांकडे आहे.”

“मी गल्लीचं नाय विचारलं.”

“आहे.”

“व्हय. आवाज येतो.” त्यांनी चहा पुढं केला. “साखर बघा कमी पडली का.”

साखर बरोबर होती.

सकाळी जिन्याखाली मी पाना घेऊन बसलो तेव्हा बायको बॅटरी धरून उभी होती.

“बातमी आली तेव्हा नाही काढलीत?”

“नाही.”

“आता आपल्या हौदात काय येणार?”

“येईल तेवढं.”

“हे पण वहीत लिहून ठेवा,” ती म्हणाली.

काढलेल्या मोटारीचा फोटो मी गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: ही आमच्या नळावर सहा वर्षं होती. आज काढली. काल सिस्टरांकडे पाणी आलं नाही. पुढच्या रविवारच्या बारशाचं काय होणार तेही लिहिलं. दुपारपर्यंत सात अंगठे आले. पाचव्या घरातल्या निवृत्त कंडक्टरांनी विचारलं, “पत्रकार, बिघडली म्हणून काढली का?” मी लिहिलं, “चालू आहे.”

संध्याकाळी ते फाटकाशी आले. “बारशाला जेवायला सगळे जाणार. हात धुवायला काय आपापल्या घरून तांब्या न्यायचा?” उत्तराची वाट न बघता ते निघाले. बसमधली तिकिटं तपासावीत तसे एकेका दारात थांबत गेले. पुढच्या शुक्रवारी सिस्टरांचा हौद भरेपर्यंत कुणी मोटार लावायची नाही, हे त्यांनी आठ घरांकडून कबूल करून घेतलं. त्यात त्यांचं स्वतःचं घर होतं. उरलेल्या एका घरानं बघू म्हटलं.

शुक्रवारी पाणी सहा चाळीसला आलं. सातला बहुतेक माणसं दारात उभी होती. तेवढ्यात घरघर सुरू झाली. आवाज आमच्या घरातून येत होता.

“पत्रकार, लई लवकर विसरलात,” कंडक्टर म्हणाले.

“ती दुसरी आहे. हौदातून गच्चीवर पाणी चढवायची.”

“बघू द्या की.”

त्यांनी चपला काढल्या, आत आले, जिन्याखाली वाकले. नळाचा पाइप हातानं चाचपला. हौदाचं झाकण उघडून आत मान घातली. बाहेर येऊन रस्त्यावर उभं राहून सांगितलं, “वरची हाय. चालतंय.”

“तपासणी झाली असेल तर चहा घ्या,” बायको म्हणाली.

“ड्युटीवर घेत नाय.”

दहा मिनिटांनी घेतला. ‘बघू’ म्हणणाऱ्या घराची मोटार त्या सकाळी बंद होती. त्या घरातल्या काकू ओट्यावर बसून शेंगा सोलत होत्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला “ऐका, येतो का आवाज?” असं विचारत होत्या.

सिस्टरांच्या नळाला सात वीसला धार लागली. आठ वाजून दहा मिनिटांनी ग्रुपवर त्यांचा निरोप आला: “भरला. लावा आता तुमच्या मोटारी.” चार घरांत लगेच लागल्या. पाणी पावणेनऊला गेलं. आमचा हौद अर्ध्याच्या जरा खाली राहिला.

बारसं रविवारी सिस्टरांच्या घरीच झालं. दारात पाण्यानं भरलेलं पातेलं आणि तांब्या ठेवला होता. कंडक्टर पहिल्या पंगतीला बसले आणि दुसरीत वाढायला उभे राहिले. बाळ पूर्ण वेळ झोपलं होतं. नाव कानात सांगितलं तेव्हाही उठलं नाही.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी मी पावणेसातला गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाऊन आलो. नऊपैकी दोन मोटारी चालू होत्या, सात बंद होत्या. सिस्टरांच्या नळाला साडेसातला पाणी आलं.