दोन कणांवर जगणारे दाजी

तापलेल्या वस्तूजवळ न जाताही तिचा ताप सांगता येतो, असं छातीठोकपणे म्हणणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच आहे आणि तो माझ्या ताईच्या वाट्याला आला आहे. आमचे दाजी शहाद्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात आणि पुरुषोत्तमनगरला राहतात. त्यांचं म्हणणं असं : दोन कण मोकळ्या जागेत एकमेकांवर आदळून किती वळतात, सुटण्याआधी किती रेंगाळतात, एवढंच मला सांगा, त्यावरून कणांनी खचाखच भरलेल्या, तापलेल्या क्वांटम क्षेत्राचा दाब, ऊर्जा, सगळं कागदावर काढून देतो. मग काय, अंघोळीचं पाणीसुद्धा ते हात न लावता घेणार! एकदा "हिशेबाने कोमट आहे," म्हणत तांब्या अंगावर ओतला आणि अशी आरोळी ठोकली की भोंगा झाला समजून शेजारच्या साखर कारखान्याची पाळी सुटली. ताई न्हाणीबाहेरून ओरडली, "कितला डाव सांगं, हात टाकीसन देखा!"

दाजींची हौस एकच. हे गणित नंदुरबार जिल्ह्यात निदान एका माणसाला कळावं. त्यापायी त्यांनी कोणाला सोडलं नाही. मोलगीच्या बाजारात जीपच्या टपावर चढून कोणाचा खांदा कोणाला घासतो ते पाहत बसले. विसरवाडीला एकमेकांना चाटून गेलेल्या दोन ट्रकवाल्यांना हात करून म्हणाले, "परत एकदा, जरा सावकाश!" त्यातला एक खाली उतरला. "मास्तर, मधमा तुम्ही उभा ऱ्हातस का?"

परवा गेलो तर चेहरा पडलेला. याच गणितावर वर्षानुवर्षं घासलेला लेख शोधपत्रिकेकडून परत आला होता. तरी सवयीने ताटलीत दोन शेंगदाणे ठेवून त्यांची टक्कर मला समजावू लागले. मी सवयीने 'वा वा' करत होतो. पलीकडे ताई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "आन् तीन जन एकदम भिडनात तं?"

दाजींचा हात थांबला. लेख परत पाठवणाऱ्यानेही हेच तर विचारलं होतं. दाट गर्दीत तिघांची टक्कर वगळून कसं चालेल?

"तू आयकत व्हती?"

"लगीन व्हयनं तवयपासून दुसरं काय आयकं मी?"

दाजींनी तिसरा शेंगदाणा उचलला, पाट ताईजवळ सरकवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. इतक्या हळू आवाजात, की हातभर अंतरावर बसूनही मला एक अक्षर ऐकू आलं नाही.